कावळ्याचं वजन सांगणारं ॲप: चंद्र-ज्वालामुखी ॲप सात महिने वापरल्यावर

आधीच सांगते, हे ॲप मी सात महिने रोज वापरलंय, वर्षाची वर्गणी भरून, त्यामुळे दोन दिवस बघून एक स्टार देऊन पळणाऱ्यांतली मी नाही. नाव लिहीत नाही, कारण असल्या प्रकारची आता बरीच ॲप्स निघालीत आणि मला जे म्हणायचंय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू पडतं. पृथ्वीचा गोल फिरतो, त्यावर ज्वालामुखींचे ठिपके, वर चंद्राची कला, खाली भरती-ओहोटीचा ग्राफ, आणि अमावस्या-पौर्णिमा जवळ आली की ठिपक्यांभोवती लाल कडं येतं आणि फोन वाजतो, 'उद्रेकाचा धोका वाढला'. हे ते ॲप.

मी घेतलं कशासाठी, तर माझा मावसभाऊ दोन वर्षांपासून अशा गावात राहतोय जिथे त्याच्या खोलीच्या खिडकीतून ज्वालामुखी दिसतो, चांगला धूर सोडणारा, जिवंत. मावशीला त्याची काळजी, मला विषयाची आवड, म्हणून म्हटलं घेऊन बघू. आणि एक गोष्ट पहिल्यांदा कबूल करते की मूळ कल्पना खोटी नाहीये. चंद्र-सूर्याच्या ओढीचा ज्वालामुखीवर परिणाम होऊ शकतो यावर खरीखुरी शास्त्रज्ञ मंडळी पन्नासेक वर्षं काम करतायत, हे काही भविष्य सांगण्यातलं नाही. म्हणूनच ॲपने त्याचं जे केलंय त्याचा मला राग येतो.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच फार चांगलं आहे.

आयो. गुरूचा चंद्र. या भागासाठी मी पूर्ण पाच स्टार देईन. उघडलं की गुरू, आयो आणि त्याचे शेजारी चंद्र युरोपा आणि गॅनिमीड फिरताना दिसतात आणि गॅनिमीडची एक फेरी होईपर्यंत युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार होतात, म्हणजे ठराविक वेळाने ते पुन्हा पुन्हा एकमेकांसमोर येतात आणि आयोला दर वेळी थोडं ओढतात, त्यामुळे त्याची कक्षा कधी पूर्ण गोल होऊच शकत नाही. मग तो गुरूच्या कधी थोडा जवळ, कधी थोडा लांब, आणि साडेबेचाळीस तासांच्या प्रत्येक फेरीत गुरू त्याला दाबतो आणि सोडतो, दाबतो आणि सोडतो. आपण जाड तार एकाच जागी पाच-दहा वेळा वाकवली आणि ती जागा लगेच ओठाला लावली तर चटका बसतो ना, तेच, फक्त इथे तारेच्या जागी अख्खा उपग्रह आहे. ॲपमध्ये बोटाने कक्षा थोडी लांबट केली की आयोच्या आतलं तापमान वाढताना दिसतं आणि पूर्ण गोल केली की हळूहळू सगळं थंड होत जातं. मी पहिल्या दिवशी अर्धा तास तेच करत बसले होते.

त्याच्याखाली १९७९ ची गोष्ट दिलीय आणि ती नीट, तारखांसकट दिलीय. पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या तिघांनी गणित मांडून म्हटलं की आयोच्या पोटात इतकी उष्णता तयार होत असणार की तो आतून वितळलेला सापडावा. हा पेपर छापून आला २ मार्च १९७९ ला. व्हॉयेजर-१ यान आयोजवळून गेलं ५ मार्चला. आणि ८ मार्चला लिंडा मोराबिटो, ज्या यानाची दिशा ठरवण्यासाठी ताऱ्यांच्या जागा तपासत होत्या, त्यांना एका फोटोत आयोच्या कडेला छत्रीसारखा फिकट ढग दिसला. तो ज्वालामुखीचा फवारा निघाला, जवळजवळ ३०० किलोमीटर उंच. गणित छापून आठवडाही झाला नव्हता! मी ही गोष्ट आतापर्यंत किती जणांना सांगितलीय याची मोजदाद नाही, अजूनही सांगताना अंगावर काटा येतो.

एकच चूक सापडली. चित्रात आयोच्या कवचाखाली सगळीकडून वितळलेल्या दगडाचा समुद्र दाखवलाय, एकसंध नारिंगी पट्टा. पूर्वी तसं असेल असं बऱ्याच जणांना वाटायचं, पण जुनो यान ३० डिसेंबर २०२३ ला आणि ३ फेब्रुवारी २०२४ ला आयोपासून साधारण १,५०० किलोमीटरवरून गेलं, त्या मोजमापांवरून डिसेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष आला की असा उथळ, सगळीकडे पसरलेला समुद्र तिथे नाही. म्हणजे ४०० च्या वर जिवंत ज्वालामुखी आहेत, पण खाली सलग एकच हौद नाही. हे चित्र बदलायला हवं, दर महिन्याला अपडेट येतो, त्यात फक्त रंग बदलतात.

एन्सेलेडसचा भाग छोटा आहे पण मला तोही आवडला. शनीचा हा बर्फाळ चंद्र, कॅसिनी यानाला २००५ मध्ये त्याच्या दक्षिण ध्रुवावरून पाण्याच्या वाफेचे आणि बर्फाचे फवारे उडताना दिसले. आणि गंमत म्हणजे तेहतीस तासांच्या फेरीत तो शनीपासून सगळ्यात लांब असतो तेव्हा ते फवारे सगळ्यात जोरात असतात, जवळ असताना नाही! कारण महत्त्वाचं आहे ते भेगा कधी ताणून उघडतात आणि कधी दाबून मिटतात हे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण ॲपचा पृथ्वीचा भाग नेमका हेच विसरलाय.

आता पृथ्वी. इथेही सुरुवात छान आहे. समुद्राला भरती येते हे सगळ्यांना माहीत असतं, पण पायाखालच्या जमिनीलाही भरती येते हे मला हे वाचायच्या आधी नीट माहीत नव्हतं. अख्खा खडक, घरादारांसकट, दर साडेबारा तासांच्या आसपास साधारण ३० सेंटीमीटर वर-खाली होतो, काही ठिकाणी अजून जास्त. आपल्याला कळत नाही कारण आजूबाजूचं सगळंच बरोबर उचललं जातं. ॲपमध्ये तुम्ही कुठेही बोट ठेवा, तिथला त्या दिवसाचा जमिनीच्या भरतीचा ग्राफ येतो आणि मी तो चार-पाच वेळा दुसऱ्या, शास्त्रज्ञ वापरतात तशा गणिताशी ताडून बघितला, बरोबर आला. उधाण आणि भांग पण नीट दाखवलेत, अमावस्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका ओळीत ओढतात म्हणून लाट उंच, अष्टमीच्या सुमाराला अर्धा चंद्र असताना ते काटकोनात ओढतात म्हणून लाट बसकी. चंद्र जवळ आला की ओढीतला फरक किती वाढतो तेही आहे. अंतराच्या घनाच्या हिशोबाने तो बदलतो, त्यामुळे चंद्र लांब असतानाच्या मानाने जवळ असताना सुमारे ४० टक्के जास्त. हे सगळं मस्त.

आणि मग तुम्ही 'धोका' नावाच्या टॅबवर जाता आणि सगळं बिघडतं.

तिथे नियम एकच आहे. अमावस्या किंवा पौर्णिमेच्या आधी तीन दिवस, तो दिवस, आणि नंतर तीन दिवस, लाल. बाकी हिरवं. जगातल्या सगळ्या ज्वालामुखींना एकच नियम. कुठे खाली मॅग्मा म्हणजे वितळलेला खडक वर चढतोय, कुठे हजार वर्षं शांत आहे, कशाचाच विचार नाही.

आता साधा हिशोब करा. सात दिवस अमावस्येचे, सात पौर्णिमेचे, झाले चौदा. चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा. म्हणजे जवळजवळ अर्धा महिना लालच असतो! ज्वालामुखीने चंद्राकडे ढुंकूनही बघितलं नाही तरी निम्मे उद्रेक लाल दिवसांत पडणारच. वर जगात कोणत्याही वेळी साधारण ४० ते ५० ज्वालामुखींचे उद्रेक चालूच असतात, त्यामुळे लाल कडं आलं आणि कुठेतरी काहीतरी उडालं असं दर वेळी होणार, आणि ॲप लगेच 'आमचा अंदाज खरा ठरला' म्हणून हिरवी टिक दाखवणार. पहिले दोन महिने मीही त्या टिका बघून भारावले होते हे खरं सांगते.

त्या टॅबमध्ये 'इतिहास' म्हणून एक पान आहे, त्यात मोठमोठे उद्रेक आणि शेजारी चंद्राची कला. पेले पर्वत, ८ मे १९०२, अमावस्या. नेव्हाडो देल रुइझ, १३ नोव्हेंबर १९८५, अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी. आइसलँडचा एयाफ्यात्लायोकुल, १४ एप्रिल २०१०, अमावस्या. ला पाल्मा, १९ सप्टेंबर २०२१, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. सेमेरू, ४ डिसेंबर २०२१, अमावस्या. टोंगाचा हुंगा, १५ जानेवारी २०२२, पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधी. मी एका रविवारी वही घेऊन बसले आणि एकेक तारीख तपासली. सगळ्या खऱ्या आहेत. एकही खोटी नाही. वाचताना कुणालाही वाटेल की बाप रे, चंद्रच करतोय हे सगळं.

मग मी तसेच, या पानावर नसलेले उद्रेक घेतले. क्राकाटोआ, २७ ऑगस्ट १८८३, ज्याचा आवाज हजारो किलोमीटरवर ऐकू गेला, तो अष्टमीच्या एक-दोन दिवस पुढचा, म्हणजे भांगाच्या भरतीतला, ओढ कमीत कमी असण्याच्या सुमाराचा. सेंट हेलेन्स, १८ मे १९८०, अमावस्येनंतर चौथा दिवस, लाल पट्ट्याच्या बाहेर. ग्वातेमालाचा फुएगो, ३ जून २०१८, पौर्णिमेला पाच दिवस उलटून गेलेले. आइसलँडचं फाग्रादाल्सफ्याल, १९ मार्च २०२१, त्या भागातला आठशे वर्षांतला पहिला उद्रेक, अर्ध्या चंद्राच्या दोन दिवस आधी. न्यिरागोंगो, २२ मे २०२१, अर्धा चंद्र आणि पौर्णिमा यांच्या मधोमध. मौना लोआ, नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी, ३८ वर्षांनंतर उठला, तोही अर्ध्या चंद्राच्या जवळ. सहा त्यांचे, सहा माझे. माझ्या सहांतला एकही त्यांच्या पानावर नाही. विसरले असं कसं म्हणू, क्राकाटोआ कोण विसरतं!

आपल्याकडे म्हण आहे ना, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. योगायोगासाठी वापरतो आपण. पण मला हल्ली वाटायला लागलंय की या विषयात ती म्हण अर्धीच वापरली जाते. फांदी जर आतून पूर्ण कुजलेली असेल तर कावळ्याचं वजनही निमित्त होऊ शकतं की. चंद्राचं तसंच आहे. प्रश्न कावळा कधी बसला हा नाहीये, फांदी किती कुजलीय हा आहे. आणि हे ॲप तुम्हाला कावळ्याचं वजन ग्रॅममध्ये सांगतं आणि फांदीबद्दल अवाक्षर काढत नाही.

कावळ्याचं वजन किती ते पण बघू. जमिनीच्या भरतीमुळे खडकात जो ताण बदलतो तो काही किलोपास्कल. हवेचा नेहमीचा दाब असतो १०१ किलोपास्कल, एखादं जोरदार वादळ आलं की हवेचा दाब जितका उतरतो साधारण त्याच मापातली ही गोष्ट. समुद्राच्या काठाला किंवा समुद्राखाली थोडं जास्त, कारण तिथे पाण्याचं वजन पण चढतं-उतरतं, एक मीटर पाणी म्हणजे १० किलोपास्कल. आणि खडक तोडायला लागतात मेगापास्कल, म्हणजे हजार पट. असं असेल तर मग परिणाम होतोच कसा? तर एक, ज्वालामुखी आधीच तुटायच्या काठावर आलेला असेल तर. आणि दुसरं, वेग. जमिनीच्या आतल्या हालचालींनी वर्षभरात जितका ताण साठतो साधारण तितका भरती सहा तासांत टाकते आणि काढते. काठावरच्या गोष्टीला तो झटका पुरतो, बाकीच्यांना त्याचं काही नसतं. उष्णतेचं म्हणाल तर आयोसारखं इथे काहीच नाही. पृथ्वीच्या पोटातून एकूण सुमारे ४७ टेरावॅट उष्णता बाहेर पडते, भरती-ओहोटीतून सगळी मिळून चार टेरावॅटही नाही आणि तीही बहुतेक समुद्रातच जिरते. आयोचा खडक शंभर मीटरपर्यंत फुगतो, आपला फार तर हातभर. ॲपमध्ये आयोचं ॲनिमेशन संपल्या संपल्या 'आणि हेच पृथ्वीवरही घडतं' असं वाक्य येतं, ते वाक्य काढून टाका अशी मी दोनदा मेल केली.

खरा अभ्यास कसा असतो त्याचं एक उदाहरण देते, म्हणजे मी नुसती तक्रार करतेय असं वाटायला नको. हवाईतल्या किलाउआचे जानेवारी १८३२ पासूनचे ५२ उद्रेक घेऊन १९८० साली एक पेपर आला होता. त्यात ३४ उद्रेक पंधरवड्याच्या मोठ्या भरतीच्या बाजूला पडले आणि १८ लहान भरतीच्या बाजूला. योगायोग असता तर २६-२६ च्या आसपास यायला हवे होते, म्हणजे काहीतरी आहे असं म्हणायला जागा आहे, पेपरातही साधारण ९० टक्के शक्यता असंच म्हटलंय, खात्री म्हटलेलं नाही. आणि त्याच पेपरात त्याच बेटावरचा, शेजारचा मौना लोआ, त्याचे ३७ उद्रेक बघितले तर काहीच संबंध नाही, कसेही विखुरलेले. एकाच बेटावर, एकाच चंद्राखाली, एक ज्वालामुखी ऐकतो आणि दुसरा ऐकत नाही! हे ॲपमध्ये आहे का? किलाउआचे ३४ आणि १८ आहेत, मोठ्या अक्षरात, मौना लोआ गायब.

अजून एक. अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यापासून साधारण ४८० किलोमीटरवर समुद्राच्या तळाशी ॲक्सियल नावाचा ज्वालामुखी आहे, १९९८, २०११ आणि २०१५ ला फुटलेला. तिथे तळावर उपकरणं लावून ठेवलीत आणि त्यात स्पष्ट दिसतं की लहान लहान भूकंप ओहोटीला जास्त होतात. भरतीला नाही, ओहोटीला. डोक्यावरचं पाणी कमी झालं की खालचा मॅग्माचा साठा किंचित फुगतो आणि वरच्या भेगेला सरकायला मोकळीक मिळते, असं त्याचं कारण २०१९ मध्ये मांडलं गेलं. आणि २०१५ च्या उद्रेकाआधी हे भूकंप भरती-ओहोटीच्या तालावर जोरात चालले होते, उद्रेक झाल्यावर तो ताल ओसरला. म्हणजे फांदी कुजत आली की ती कावळ्याला दाद द्यायला लागते. केवढी उपयोगाची गोष्ट आहे ही! पण ॲपमध्ये ॲक्सियललाही तोच नियम, अमावस्या-पौर्णिमा आली की लाल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं ते रुआपेहू. न्यूझीलंडमधला, शिखरावर तळं असलेला. २५ सप्टेंबर २००७ ला रात्री साडेआठच्या सुमारास तो नेहमीची कसलीही पूर्वसूचना न देता फुटला, शिखराजवळच्या निवाऱ्यात असलेल्या एका गिर्यारोहकाचा पाय दगडांत चिरडला आणि कापावा लागला. ॲपवाले हा उद्रेकही मिरवतात कारण दीडच दिवसाने पौर्णिमा होती. पण २०१८ मध्ये रुआपेहूवर जो अभ्यास आला त्यात पौर्णिमेला फुटला याचं कौतुक नाहीच आहे. त्यांनी तिथल्या जमिनीच्या कंपनांची साधारण बारा वर्षांची नोंद घेतली आणि ती कंपनं पंधरवड्याच्या भरतीच्या चक्राबरोबर कमी-जास्त होतात का ते बघितलं. एरवी होत नव्हती. उद्रेकाच्या आधीचे तीनेक महिने मात्र ती चक्राबरोबर हलायला लागली होती. त्यांचं म्हणणं असं की वरचा भाग बंद होऊन खाली गॅस कोंडत गेला आणि दाब इतका वाढला की चंद्राची ती एवढीशी ओढही कंपनांत दिसायला लागली. म्हणजे चंद्र इथे कारण नाही, चंद्र इथे डॉक्टरचा हातोडा आहे, गुडघ्यावर हलकेच मारून पाय किती उडतो ते बघायचा. अशाच तऱ्हेने इक्वाडोरच्या कोटोपाक्सीच्या २०१५ च्या उद्रेकातही गॅसच्या प्रमाणात दोन आठवड्यांचा ताल सापडला होता.

असं काही ॲपने केलं असतं, म्हणजे अमुक ज्वालामुखी आत्ता भरतीला दाद देतोय का, गेल्या वर्षी देत होता का, तर मी दुप्पट वर्गणी भरली असती, मनापासून. त्याला वेधशाळेचा डेटा लागतो, मेहनत लागते, कळतं मला. पण मग निदान लाल कडं तरी लावू नका.

कारण त्या लाल कड्याने आमच्याकडे काय झालं ते सांगते. मावशीने माझ्या फोनवर बघून स्वतःच्या फोनवर पण ॲप घेतलं. महिन्यातून दोनदा, एकेक आठवडा, तिची झोप गेली. रात्री दीडला फोन, 'अगं, परत लाल झालंय, त्याला निघायला सांगू का?' मी समजावून सांगायची, ती ऐकायची, आणि पुढच्या अमावस्येला पुन्हा तेच. भावाने पहिल्यांदा हसण्यावारी नेलं, मग चिडायला लागला, मग फोन उचलेनासा झाला. आणि एकदा उलटं झालं, ते मला जास्त लागलं. त्याच्याकडच्या वेधशाळेने इशाऱ्याची पातळी एकाने वाढवली, विवराच्या जवळ जाऊ नका म्हणून सूचना काढली, आणि ॲपवर त्या दिवशी मस्त हिरवं होतं. तो मित्रांबरोबर वर चढायला जाणार होता. मावशी मला म्हणाली, 'जाऊ दे की, आज हिरवं आहे.' मी त्याला फोन करून सांगितलं की बाबा, ॲप राहू दे, तिथल्या वेधशाळेचं पान उघड. त्याने उघडलं, वाचलं, म्हणाला 'ताई, नाही जात.' तेव्हा काही झालं नाही, उद्रेक झाला नाही. पण मी त्या रात्री त्या हिरव्या कड्याकडे बघत बसले होते आणि मला खरंच भीती वाटली.

मेलला उत्तर आलं, 'तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे'. दुसऱ्या मेललाही तेच, अक्षरशः तेच. अटींच्या पानात अगदी खाली, बारीक अक्षरात लिहिलंय की हे ॲप फक्त माहिती आणि करमणुकीसाठी आहे. मग नोटिफिकेशनमध्ये 'धोका' शब्द का? मावशी अटींचं पान वाचणार आहे का?

ज्यांना खरंच कुणाची काळजी आहे त्यांच्यासाठी: स्मिथसोनियनच्या ज्वालामुखी विभागाचा आणि अमेरिकेच्या भूगर्भ खात्याचा मिळून एक साप्ताहिक अहवाल येतो, फुकट आहे, कुठला ज्वालामुखी काय करतोय ते आठवड्याच्या आठवड्याला साध्या भाषेत. दिसायला अगदी साधा, गोल फिरत नाही, फोन वाजत नाही. आणि ज्या देशात माणूस राहतो तिथल्या वेधशाळेचं स्वतःचं पान, तेच सगळ्यात आधी. ते लोक भूकंप मोजतात, डोंगर फुगतोय का ते मोजतात, गॅस मोजतात. १९९१ मध्ये पिनाटुबोला मे महिन्याच्या मध्यावर दिवसाला ५०० टन सल्फर डायऑक्साइड निघत होता, दोन आठवड्यांत तो ५,००० टनांच्या वर गेला, भूकंपांची जात बदलली, आणि त्यावरून फिलिपिन्सच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी लोकांना हलवायला लावलं, १५ जूनच्या महाउद्रेकाआधी हजारो जीव वाचले. हे फांदी बघणं.

तर स्टार. आयो आणि एन्सेलेडसला पाच, जमिनीच्या भरतीच्या ग्राफला चार, मराठी भाषांतर ठीकठाक, तीन. धोक्याच्या टॅबला शून्य देता येत नाही म्हणून एक. एकूण मी दोन देतेय. मावशीच्या फोनवरून ॲप काढलं, माझ्यावर ठेवलंय पण नोटिफिकेशन बंद, मुलांना आयो दाखवायला इतकं चांगलं दुसरं मला मिळालेलं नाही.

बनवणाऱ्यांनी हे वाचलं तर एवढंच करा. इतिहासाच्या पानावर क्राकाटोआ टाका, अर्ध्या चंद्रासकट, आणि ३४ आणि १८ च्या शेजारी मौना लोआचे ३७. ज्या दिवशी ते दिसतील त्या दिवशी मी इथे येऊन स्टार वाढवीन.